ड्रेसिंग घातल्यावर लेट्यूस मान का टाकतं?

जेवायला माणसं यायची होती, म्हणून मी सगळं आधीच उरकून ठेवलं होतं. लेट्यूस धुतलं, पानं मोकळी केली, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर बाटलीत खळखळून हलवलं, पानांवर ओतलं आणि वाडगा झाकून ठेवला. पाऊण तासाने झाकण काढलं तर फुललेल्या पानांचा ढीग गायब होता. तळाला ओल्या फडक्यासारखा एक गोळा बसला होता. रंगही बदललेला. मघाशी पोपटी असलेली पानं काळपट हिरवी झाली होती आणि जागोजागी पारदर्शक डाग पडले होते. "व्हिनेगर जास्त झालं असणार," असा निकाल लागला आणि मीही तो मान्य केला. आंबट पदार्थ पानाला 'शिजवतो', ही समजूत इतकी मुरलेली आहे की तिची उलटतपासणी कुणी करत नाही.

ती करायला दहा मिनिटं पुरतात. एकाच गड्ड्यातली, सारख्या आकाराची तीन कोवळी पानं घ्या आणि तीन बशांत ठेवा. एका पानाला साधं पाणी चोळा, दुसऱ्याला व्हिनेगर, तिसऱ्याला नुसतं तेल. चोळायचं ते बोटाने, अगदी हलक्या हाताने. मग दहा मिनिटं दुसरं काही काम करा. परत याल तेव्हा पाण्याचं पान जसंच्या तसं असेल. व्हिनेगरचं पानही बऱ्यापैकी ताठ असेल. तेलाचं पान मात्र मऊ पडलेलं दिसेल, आणि ते उजेडासमोर धरलं की गडद डाग स्पष्ट दिसतील. आरोपी बदलावा लागतो.

याचं कारण पानाच्या कातडीत आहे. पानावर मेणासारख्या पदार्थाचा एक अतिशय पातळ थर असतो. पावसाचं पाणी आत शिरू नये आणि आतलं पाणी उडून जाऊ नये, ही दोन्ही कामं तो करतो. पाण्याचा थेंब त्याच्यावर टिकत नाही, गोल होऊन घरंगळतो. व्हिनेगर म्हणजे बहुतांश पाणीच, त्यामुळे त्याचंही तेच होतं. पण तेल आणि मेण हे एकाच कुळातले. तेल त्या थरावर पसरतं, चिकटतं आणि बारीक भेगांतून हळूहळू आत उतरतं. पानाच्या आत पेशींच्या मधे हवेच्या छोट्या पोकळ्या असतात. त्या पोकळ्यांमुळे प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि पान फिकं, टवटवीत दिसतं. तेलाने त्या भरल्या की प्रकाश आरपार जातो आणि तिथे गडद डाग पडतो. कागदावर तेलाचा थेंब पडला की कागद पारदर्शक होतो, तोच हा प्रकार. कागदातही तंतूंमधली हवा हटते आणि तिची जागा तेल घेतं.

पानाचा ताठपणा मात्र पाण्यामुळे असतो. लेट्यूसमध्ये वजनाने जवळजवळ ९५ टक्के पाणीच असतं. प्रत्येक पेशी ही पाण्याने गच्च भरलेली पिशवी, आणि शेजारच्या पिशव्या एकमेकींना दाबून धरतात म्हणून पान उभं राहतं. या दाबावर दुसरा हल्ला होतो तो मिठाचा. पानावर मिठाचा कण पडला की तो आजूबाजूचं पाणी ओढून घेतो आणि पेशी सैल पडतात. पान चिरलेलं किंवा चुरगळलेलं असेल तर मेणाचा थर तिथे आधीच तुटलेला असतो, मग मीठ, तेल आणि आंबट या तिघांनाही दार उघडं. म्हणजे व्हिनेगर अगदीच निर्दोष आहे असं नाही. तासभर भिजवून ठेवलंत तर तेही पान मारेल. पण जेवणाच्या वेळात जो सत्यानाश होतो त्यात पहिला हात तेलाचा, दुसरा मिठाचा.

सगळं लेट्यूस सारखं नाजूक नसतं. आइसबर्ग आणि रोमेन यांची पानं जाड, शिरा दणकट. त्यांच्यावर घट्ट, जड ड्रेसिंगही चालून जातं. सीझर सॅलड रोमेनच्या पानांचं करतात ते उगाच नाही. मेक्सिकोतल्या तिहुआना गावात सीझर कार्दिनी नावाच्या इटालियन उपाहारगृहवाल्याने १९२४ मध्ये ते पहिल्यांदा केलं असं मानतात, आणि अंडं, चीज, तेल असं वजनदार लेपण पेलणारं पान त्याला हवंच होतं. तेच लेपण बटरहेड जातीच्या पानावर घाला, पान तिथेच आडवं. बटरहेड म्हणजे सैल गड्ड्याचं, गुलाबाच्या फुलासारखं उमलणारं लेट्यूस. त्याची पानं खरोखरच लोण्यासारखी मऊ लागतात. बोस्टन आणि बिब हे त्याचे दोन प्रसिद्ध प्रकार. याशिवाय गड्डा न धरणारं सुट्ट्या पानांचं लेट्यूस, ओकच्या पानासारख्या कातरलेल्या कडांचं ओकलीफ आणि कोवळेपणीच खुडलेली मिश्र पानं, ही सगळी याच नाजूक गटातली. या लेखातलं सगळं यांच्यासाठी आहे. रोमेनवाल्यांना इतकी काळजी करायचं कारण नाही.

तेल पानाचा शत्रू, तर मग तेल टाळावं का? टाळू नये. तेलाशिवाय ड्रेसिंग म्हणजे नुसता आंबट पाण्याचा शिडकावा. तो पानावर टिकत नाही आणि तोंडात चव धरत नाही. शिवाय पानांतलं कॅरोटिनॉइड गटातलं पोषण, म्हणजे भाज्यांतली पिवळी-केशरी रंगद्रव्यं, चरबीशिवाय अंगी लागत नाही. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक छोटा प्रयोग आहे. त्यात ७ जणांना पालक, रोमेन, टोमॅटो आणि गाजराचं तेच सॅलड तीन वेगवेगळ्या वेळी दिलं. एकदा ड्रेसिंगमध्ये तेल अजिबात नव्हतं, एकदा ६ ग्रॅम कॅनोला तेल होतं आणि एकदा २८ ग्रॅम. बिनतेलाच्या सॅलडमधून कॅरोटिनॉइड जवळपास शोषलीच गेली नाहीत. तेल वाढलं तसं शोषणही वाढलं. तेव्हा तेल हवंच. फक्त ते पानाला थेट भिडता कामा नये.

इथे सगळ्या ड्रेसिंगांचा एकच कळीचा प्रश्न येतो: बाहेर कोण आहे, तेल की पाणी?

तेल आणि पाणी मिसळत नाहीत, पण जोरात हलवलं की एकाचे थेंब दुसऱ्यात विखुरतात. अशा मिश्रणाला इमल्शन म्हणतात. ते दोन तऱ्हांनी होऊ शकतं. एक, पाण्याच्या समुद्रात तेलाचे थेंब. दूध, क्रीम आणि मेयोनीज हे या जातीचे. दुसरं, तेलाच्या समुद्रात पाण्याचे थेंब. लोणी हे या जातीचं. ड्रेसिंग पहिल्या जातीचं असेल तर पानाला आधी पाणी शिवतं, तेल थेंबाथेंबांत बंद राहतं आणि मेणाच्या थरापर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. दुसऱ्या जातीचं असेल तर तुम्ही पानाला सरळ तेलच फासता आहात, आंबटपणा फक्त मधेमधे लपलेला.

तेल आणि व्हिनेगर बाटलीत हलवून केलेलं साधं ड्रेसिंग बहुधा दुसऱ्या जातीचं होतं. नेहमीचं प्रमाण आहे ३ भाग तेल, १ भाग व्हिनेगर. म्हणजे ७५ टक्के तेल. आता एखाद्या डब्यात सारख्या आकाराच्या गोट्या भरा. कितीही नीट रचल्या तरी त्या साधारण ७४ टक्केच जागा भरतात, उरलेल्या फटी राहतातच. तेलाचे थेंब या गोट्यांसारखे समजा. ७५ टक्के तेल थेंबांच्या रूपात पाण्यात कोंबून बसवायचं तर थेंब एकमेकांना चिकटून दाटीवाटीने बसवावे लागतील, आणि त्यांना वेगळं ठेवणारं कुणी नसेल तर ते क्षणात एकमेकांत मिसळून जातात. मग जे जास्त ते बाहेर, अशी वाटणी होते. मेयोनीजमध्ये तेल इतकंच किंवा याहूनही जास्त असतं, तरी पाणीच बाहेर राहतं. कारण तिथे अंड्याच्या बलकातले लेसिथिन आणि प्रथिनं प्रत्येक थेंबाभोवती कुंपण घालतात, आणि थेंबही एका मापाचे नसतात, लहान थेंब मोठ्यांच्या फटीत बसतात.

तुमच्या वाटीतलं ड्रेसिंग कोणत्या जातीचं आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि त्यात ड्रेसिंगचे दोन थेंब सोडा. थेंब दुधासारखे पसरून पाणी गढूळ झालं तर बाहेर पाणी आहे. थेंब तेलकट तवंग होऊन तरंगत राहिले तर बाहेर तेल आहे. मी अजूनही नवीन काही केलं की हा पेला भरतो. पाहुण्यांसमोर करू नये, वेडगळ दिसतं.

घरच्या स्वयंपाकघरात हे कुंपण घालण्याचं सगळ्यात सोपं साधन म्हणजे बाटलीतलं तयार मस्टर्ड, विशेषतः दिजाँ प्रकारचं. मोहरीच्या टरफलात एक बुळबुळीत पदार्थ असतो. तो पाणी धरून घट्टपणा आणतो, आणि दळलेल्या दाण्याचे बारीक कण व प्रथिनं थेंबांच्या कडेला जाऊन बसतात. एक मोठा चमचा व्हिनेगरला एक लहान चमचा मस्टर्ड पुरतं. (इथे मोठा चमचा म्हणजे १५ मिलीलिटर, लहान म्हणजे ५.) मधही मदत करतो, पण तो कुंपण घालत नाही. तो फक्त मिश्रण दाट करतो, त्यामुळे थेंबांची हालचाल मंदावते. मेयोनीजचा एक लहान चमचा घातला तरी काम होतं, कारण ते आधीच तयार कुंपण आहे. कच्चं बलक वापरणारेही आहेत, पण त्यात साल्मोनेला जंतूंचा धोका असतो. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस असेल तर पाश्चराइज्ड अंडी मिळाली तरच त्या वाटेला जावं.

आता प्रत्यक्ष कृती. वाटीत १ मोठा चमचा पांढऱ्या वाइनचं व्हिनेगर आणि पाव लहान चमच्याहून जरा कमी मीठ घ्या आणि मीठ विरघळेपर्यंत ढवळा. हा क्रम महत्त्वाचा आहे. मीठ तेलात विरघळत नाही. तेल आधी घातलं तर मिठाचे कण तसेच राहतात, मग एखाद्या घासात खडा लागतो आणि पानावर जिथे तो बसतो तिथे पान पाणी सोडतं. मीठ विरघळलं की त्यात १ लहान चमचा मस्टर्ड, चिमूटभर मिरपूड आणि १ लहान चमचा पाणी घाला. पाणी घालायला लोक बिचकतात, ड्रेसिंग पचपचीत होईल म्हणून. पण हा एक चमचाच तर बाहेर पाणी राहायला जागा करून देतो, आणि पातळ झालेलं ड्रेसिंग कोवळ्या पानावर पटकन, समान पसरतं. आता ३ मोठे चमचे तेल. पहिला चमचा अगदी थेंबाथेंबाने, फेटणीने सतत फेटत. मिश्रण एकदा दुधाळ आणि एकजीव दिसलं की पुढचं तेल बारीक धारेने सोडलं तरी चालतं. घाई केली, तेल एकदम ओतलं, तर ते फुटतं. फुटलंच तर घाबरू नका. दुसऱ्या वाटीत अर्धा चमचा मस्टर्ड आणि थोडं पाणी घेऊन त्यात फुटलेलं मिश्रण थेंबाथेंबाने परत फेटा, जमून येतं. झाकणाच्या बाटलीत घालून हलवणं हा आळशी मार्ग. मस्टर्ड असेल तर तोही चालतो, फक्त टिकतो कमी वेळ.

तेल कोणतं? इथे मी ठामपणे सांगतो: एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल वापरा, पण तिखट, कडवट चवीचं नको. कोवळ्या लेट्यूसची स्वतःची चव इतकी हळवी असते की घशाला खवखव आणणारं तेल ती पार झाकून टाकतं. निम्मं ऑलिव्ह आणि निम्मं सूर्यफुलासारखं बिनवासाचं तेल, हे मिश्रण मला सगळ्यात आवडतं. अक्रोडाचं तेल बटरहेडबरोबर फार सुंदर लागतं, पण त्याला लवकर खवट वास येतो, म्हणून लहान बाटली घ्या आणि फ्रिजमध्ये ठेवा. एक सावधगिरी. एक्स्ट्रा व्हर्जिन तेल मिक्सरच्या भांड्यात वेगाने फिरवलं तर ड्रेसिंग कडू होऊ शकतं. त्या तेलातले कडवट पॉलिफेनॉल एरवी तेलात गुपचूप बसलेले असतात. जोरदार फिरवण्याने तेलाचे थेंब अतिबारीक होतात आणि ते बाहेर पडून पाण्यात येतात, मग जिभेला जाणवतात. हातानेच फेटलेलं बरं.

आंबटाचं गणित बाटलीवरच्या आकड्यात दडलेलं असतं. साध्या व्हिनेगरमध्ये ॲसेटिक ॲसिड साधारण ५ टक्के असतं, वाइनच्या व्हिनेगरमध्ये ६ ते ७ आणि तांदळाच्या व्हिनेगरमध्ये ४च्या आसपास. म्हणून ३ भाग तेलाला १ भाग हा नियम डोळे मिटून पाळू नये. ७ टक्क्यांच्या व्हिनेगरला साडेतीन-चार भाग तेल लागतं, तांदळाच्या व्हिनेगरला दोन-अडीच भागांत भागतं. लिंबाच्या रसात सायट्रिक ॲसिड ५ ते ६ टक्के असतं, पण त्याचा आंबटपणा जिभेवर वेगळा येतो, व्हिनेगरसारखा नाकात जात नाही. कोवळ्या पानांना लिंबू फार शोभतं. त्याचा तोटा एवढाच की वास काही तासांत उतरतो, त्यामुळे लिंबाचं ड्रेसिंग ज्या दिवशीचं त्या दिवशी संपवावं. बाल्सामिक व्हिनेगर मी या पानांवर कधीच घालत नाही. गोडसर दाट चव आणि तपकिरी रंग, दोन्ही पानाला मळकट करतात.

आणि आता माझं सगळ्यात लाडकं, ज्यात फेटण्याची कटकटच नाही: क्रीम आणि लिंबू. क्रीम म्हणजे निसर्गाने आधीच करून ठेवलेलं इमल्शन. चरबी बारीक थेंबांत बंद, बाहेर पाणी. आपल्याला काहीच जमवावं लागत नाही. ४ मोठे चमचे ताजं क्रीम घ्या, शक्यतो ३५ टक्के चरबीचं. त्यात चिमूटभर मीठ आणि १ मोठा चमचा लिंबाचा रस घालून चमच्याने ढवळा आणि पाच मिनिटं तसंच राहू द्या. डोळ्यांदेखत ते दाट होतं. लिंबाच्या आंबटपणामुळे दुधातलं केसीन हे प्रथिन एकमेकांना धरायला लागतं. चरबी भरपूर असली की ते गुठळ्या न होता मखमली दाटपणा आणतं. कमी चरबीच्या क्रीममध्ये केसीनचं प्रमाण तुलनेने जास्त असतं, तिथे दाणे धरू शकतात. म्हणून इथे हलकं क्रीम घेऊन काटकसर करू नये. फार घट्ट झालं तर चमचाभर दूध घालून सैल करा. चाइव्ह किंवा टॅरॅगॉन या सुवासिक पाल्यांची कोवळी पानं चिरून घातली की झालं. मस्टर्डवालं ड्रेसिंग आणि हे, दोन्ही शेजारी ठेवून बटरहेडवर चाखून पाहा. माझ्या घरी दुसरी वाटी आधी संपते.

दही हा याच कुटुंबातला हलका भाऊ. ३ मोठे चमचे दही, १ मोठा चमचा तेल, १ लहान चमचा लिंबाचा रस, तितकाच मध, मीठ, आणि पातळ करायला १-२ मोठे चमचे पाणी. दही आधी नीट फेटून मग बाकीचं घालायचं. हे इतकं पातळ असावं की चमच्यावरून सहज ओघळेल. घट्ट दही पानांवर ढेकळासारखं बसतं आणि पानं त्याच्या वजनानेच वाकतात, तेलाची वाट बघत नाहीत.

लसणाबद्दल थोडं अधिक बोलायला हवं, कारण इथे चवीचा आणि सुरक्षिततेचा, दोन्ही मुद्दे आहेत. पाकळी अख्खी असते तोवर लसूण गप्प असतो. ती चिरली किंवा ठेचली की पेशी फुटतात, त्यातलं ॲलिनेज नावाचं विकर आणि ॲलिन हे द्रव्य एकत्र येतात आणि ॲलिसिन तयार होतं. तो झणझणीतपणा तोच. कोवळ्या पानांसाठी तो फार होतो. उपाय सोपा आहे. लसूण लिंबाच्या रसातच किंवा व्हिनेगरमध्येच ठेचा. आंबटात ते विकर थंड पडतं, वास राहतो, जळजळ येत नाही. कांदा, किंवा शॅलट हा छोटा कांदा, घालायचा असेल तर तोही बारीक चिरून दहा-पंधरा मिनिटं व्हिनेगरमध्ये मुरू द्या, मग बाकीचं घाला. उग्रपणा निघून जातो आणि व्हिनेगरलाही चव येते.

आता सुरक्षितता. लसणाच्या पाकळ्या तेलात बुडवून बाहेर ठेवायच्या आणि ते 'लसूण तेल' आठवडाभर वापरायचं, हे करू नका. लसूण जमिनीत वाढतो, त्याच्याबरोबर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू येऊ शकतात. त्यांना हवा नको असते, आणि आंबटपणा कमी, म्हणजे पीएच ४.६च्या वर, असला की त्यांचं फावतं. तेलाखाली बुडालेला लसूण म्हणजे त्यांच्यासाठी आयती जागा. त्यांचं विष वासाने किंवा चवीने कळत नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये बाहेर ठेवलेल्या तेलातल्या लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम, म्हणजे या विषाने होणारा आजार, झाला होता. १९८९ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टनमध्ये आणखी ३ जण आजारी पडले. त्यानंतर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने विक्रीच्या अशा मिश्रणांत आम्ल घालणं सक्तीचं केलं. घरी लसणाचं ड्रेसिंग केलंत तर ते फ्रिजमध्येच ठेवा आणि ३ दिवसांत संपवा.

बाकीची ड्रेसिंग किती टिकतात ते पटकन सांगतो. मस्टर्डचं, ताजा पाला किंवा कांदा-लसूण न घातलेलं, फ्रिजमध्ये आठवडाभर. क्रीमचं आणि दह्याचं दोन दिवस. ऑलिव्ह तेल थंडीत थिजून दाणेदार दिसतं, खराब झालेलं नसतं. पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा आणि परत हलवा.

आता पानांकडे वळू, कारण चांगलं ड्रेसिंग ओल्या पानावर वाया जातं. पान ओलं असेल तर ड्रेसिंग त्या पाण्यावरून सरकून खाली जातं. वर राहतं ते फिकं पाणी, आणि मग आपण चवीसाठी आणखी ड्रेसिंग ओततो. हे दुष्टचक्र बहुतेक पचपचीत सॅलडांचं मूळ आहे. धुताना मोठ्या भांड्यात गार पाणी घ्या, पानं त्यात बुडवून हलकेच हलवा, माती तळाला बसू द्या आणि पानं वरच्या वर उचला. भांडं चाळणीत उपडं केलं तर ती माती परत पानांवरच येते. बटरहेडच्या देठाजवळच्या खोबणीत हमखास चिकटून बसलेली माती असते, तिथे अंगठा फिरवायचा. मग गरगर फिरवायचं सॅलडचं भांडं असेल तर त्यात, नसेल तर स्वच्छ सुती कापडावर एका थरात पसरून, पानं पूर्ण कोरडी करा. दाबू नका, दाबलेली जागा पुढे काळी पडते.

फ्रिजमध्ये मलूल झालेलं लेट्यूस फेकण्याआधी बर्फाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून बघा. पेशींमधलं पाणी उडालेलं असतं, ते परत आत शिरतं आणि पानं ताठ होतात. सडलेली किंवा तेल लागलेली पानं मात्र याने सुधारत नाहीत. साठवताना एक पथ्य पाळा. सफरचंदाच्या शेजारी लेट्यूस ठेवू नका. पिकणारी फळं एथिलीन वायू सोडतात आणि त्याने पानांच्या शिरांवर तांबूस ठिपके येतात.

पान चाकूने चिरायचं की हाताने तोडायचं, यावर लोक हिरीरीने भांडतात. चाकू धारदार असेल तर फारसा फरक नाही. बोथट चाकू पान चिरत नाही, चेंगरतो. आणि कोवळी पानं मुळात छोटीच असतात, बरीचशी अख्खीच राहू द्यावी.

शेवटी मिसळणं. चव बघायची ती चमच्याने नाही. चमच्यातलं ड्रेसिंग नेहमीच फार आंबट आणि खारट लागतं, मग आपण त्यात तेल वाढवतो, आणि पानांवर गेल्यावर ते मिळमिळीत होतं. एक पान बुडवा, झटका आणि खा. तेच खरं माप. प्रमाण म्हणाल तर १०० ग्रॅम कोवळ्या पानांना १ मोठा चमचा ड्रेसिंग, फार तर सव्वा. वर दिलेली मस्टर्डची कृती त्या हिशेबाने पावणेचारशे ते साडेचारशे ग्रॅम पानांना पुरते, म्हणजे चार माणसांना दोन वेळा.

पानांच्या मानाने दुप्पट मोठा, पसरट वाडगा घ्या. ड्रेसिंग पानांच्या डोक्यावर ओतू नका. ते वाडग्याच्या आतल्या बाजूला, भिंतीवर फिरवून सोडा. मग पानं घाला आणि दोन्ही हात तळाला घालून पानं खालून वर उचला, सोडा, परत उचला. सात-आठ वेळा. चिमटा आणि चमचे बाजूला ठेवा. बोटांना पानाचा प्रत्येक कोरडा कोपरा कळतो. हे सगळं बाकीचं जेवण वाढून झाल्यावर, माणसं पानावर बसल्यावर करायचं. बाहेर पाणी राखलेलं ड्रेसिंग असलं तरी ते पानाला जन्मभर वाचवत नाही, दहा-पंधरा मिनिटांची मुदत मिळवून देतं एवढंच.

सॅलड वाढून झालं की रिकामा वाडगा तिरका करून बघा. तळाला नुसती चमक दिसली तर माप बरोबर होतं. थारोळं दिसलं तर पुढच्या वेळी एक लहान चमचा कमी.